रेहाना, आईचा फॉर्म मिळाला

रेहाना,

परवा तुझा चाळिसावा झाला, तू गेल्याला चाळीस दिवस झाले. तुझ्या घरून सलीमभाईंनी निरोप धाडला होता, म्हणून गेले. वरच्या खोलीत बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि एकीने हळूच विचारलं, "आप इनकी कौन लगती हैं?" शाळेतली मैत्रीण म्हणावं, तर शाळा सुटून जन्म लोटला. कामातली जोडीदार म्हणावं, तर ते काम काय होतं हे सांगण्यात माझी दुपार गेली असती. मी म्हटलं, "मेडिकलवाली." त्यांना वाटलं, तुझी औषधं माझ्या दुकानातून यायची. तेही खोटं नाही म्हणा.

तू गेल्यापासून मी दुपारचं दुकान बंद करत नाही. पंचवटी कारंज्यावरचे सगळे दोन ते चार शटर ओढून घेतात, मीही पंचवीस वर्षं ओढलं. दवाखाना आटपून तू पूल ओलांडून त्या खडखडणाऱ्या मोपेडवर यायचीस, वाकून अर्ध्या शटरखालून आत शिरायचीस आणि रोज डोकं आपटून घ्यायचीस. मग स्टुलावर तू, खोक्यावर मी, चहा, आणि कोणत्या तरी गोष्टीवरून वाद. आता शटर ओढलं की आत मी आणि पंखा. त्यापेक्षा उघडं बरं. गिऱ्हाईक नसतं, पण निदान रस्ता दिसतो.

आज लिहायला बसले ते गुणगान करायला नाही. तुझं कौतुक तुझे पेशंट करतायत, पोटभर करतायत. मला तुझ्याशी बोलायचंय ते आईबद्दल.

आईला झटका आला तेव्हा दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळची वेळ, चहाचा कप हातातून निसटला, मी बघते तर तोंड एका बाजूला ओढलेलं. मी तुला फोन केला आणि फोनवर नुसतंच "रेहाना, रेहाना" म्हणत राहिले. तू आलीस, तिला हॉस्पिटलात नेलं, सगळं केलंस. संध्याकाळी तिथल्या बाकावर बसल्यावर मी तुला विचारलं, "गुडघ्यांची गोळी मीच देत होते तिला. वर्षानुवर्षं. प्रेशर वाढतं म्हणतात त्याने. त्यानेच झालं का गं?"

तू म्हणालीस, "माहीत नाही."

दुसरा कोणी डॉक्टर असता तर पाठीवर हात ठेवून "छे छे, असं काही नसतं" म्हणाला असता. तू माझी मैत्रीण, आणि तुला एवढं साधं खोटं बोलता येईना. मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की मी उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. तूही उठलीस आणि तिथे येऊन बसलीस.

आई वाचली. उजवा हात गेला तो गेलाच, बोलणं हळूहळू थोडं परत आलं. पण तिला घास भरवताना, तिचं पातळ नेसवताना माझ्या मनात तेच एक चालायचं. काउंटरवर कोणी म्हणालं, "गुडघ्यावरची द्या हो," की हात फडताळाकडे जाता जाता थांबायचा. तू ते पाहिलं होतंस.

मग सिंहस्थाच्या आदल्या वर्षी एका दुपारी तू आलीस ती डोकं न आपटता आलीस, म्हणजे काहीतरी विशेष होतं. "नले, पुण्यात काही लोक तुझाच प्रश्न घेऊन बसलेत," तू म्हणालीस. पुण्याच्या एका प्रयोगशाळेला आपल्या जिल्ह्यातल्या माणसांचं रक्त हवं होतं. लकवा झालेल्यांचंही आणि न झालेल्यांचंही. मला वाटलं, रक्तात गोळीचा अंश शोधणार असतील. तू कपाळावर हात मारलास.

"अंगदुखीची गोळी कोण घेतं?" तू विचारलंस.

"ज्याचं अंग दुखतं तो."

"आणि अंग कोणाचं दुखतं? म्हातारे, वजनदार, नाहीतर पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेले मजूर, ज्यांचं प्रेशर जन्मात कोणी मोजलेलं नाही. त्यांना पुढे लकवा झाला, तर दोष गोळीचा, वयाचा की कष्टांचा? सांग."

"नाही सांगता येणार."

"म्हणून रक्तातला जीन बघायचा."

मग तू बिलाच्या पाठीवर आकृत्या काढून मला समजावलंस. काही माणसं जन्माला येतानाच अशी येतात, की गोळी शरीरातलं जे काम अडवते ते काम त्यांच्यात मुळातच थोडं कमी चालतं. त्यांनी गोळी कधी पाहिलीही नसली, तरी आयुष्यभर ती थोडीथोडी घेतल्यासारखंच. आणि हे वाटप पत्ते पिसून वाटावेत तसं होतं, श्रीमंत-गरीब, कष्टाळू-आळशी असं काही बघत नाही. मग अशा माणसांत लकवा जास्त दिसतो का कमी, एवढं मोजायचं. प्रेशरच्या गोळीचंही तसंच. सायन्सला होते मी, पण हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं. तो कागद मी बरेच दिवस गल्ल्याजवळ ठेवला होता.

"यात माझं काय काम?" मी विचारलं.

"माणसं खरोखर कोणती गोळी खातात तेही लिहायचंय. आणि त्यांना नावं माहीत नसतात. ते म्हणतात, पिवळी छोटी. म्हणून तू."

आणि मग आपले ते रविवार. तू, मी, भाड्याची जीप आणि बर्फात रक्ताच्या नळ्या ठेवलेला डबा. लोक गोळ्यांच्या पिशव्या आणून माझ्यापुढे ओतायचे, मी रिकाम्या पाकिटांचे तुकडे जुळवून नावं सांगायची, तू लिहायचीस. डबा पुण्याच्या एस.टी.त देताना कंडक्टरने विचारलं होतं, "मॅडम, कुल्फी का?" तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "हो, पण तुम्हाला नाही आवडायची." माझं अजून हसू थांबत नाही त्यावर. म्हणजे परवापर्यंत थांबत नव्हतं.

नामपूरचे ते आजोबा आठवतात? कांद्याच्या बाजारातून थेट आलेले, डोक्यावर टोपी, एक डोळा मिचकावत बोलणारे. तू विचारलंस, "बाबा, प्रेशरची गोळी रोज असते का?"

"रोज शे ना, माय."

"रोज घेता?"

"रोज खिसामा ठेवस," म्हणाले आणि खिशातून पाकीट काढून दाखवलं. एकही गोळी फोडलेली नव्हती. "माले काई व्हस नही. मंग कसाले खावानी?"

परत येताना मी म्हटलं, यांचा फॉर्म काढून टाक, गोळी आहे म्हणतात आणि काही होत नाही म्हणून खात नाहीत, सगळा घोळ होईल. तू जीपमध्येच माझ्यावर चिडलीस. "एकही फॉर्म काढायचा नाही. हे आवडलं नाही म्हणून काढा, ते पटलं नाही म्हणून काढा, असं करत गेलो तर शेवटी आपल्याला हवं तेच उत्तर येईल. मग मोजायचं कशाला?" सटाण्यापर्यंत तू मला व्याख्यान दिलंस. ड्रायव्हरही कंटाळला होता.

उपवासांनी तर तुला वेड लावलं. बाया फॉर्मवर सांगायच्या, गोळी रोज घेतो. मग मी शेजारून विचारायची, "आणि सोमवारी?" तर, "सोमवारी कसं ताई, उपवास असतो." माझ्या काउंटरवर निम्म्या बाया विचारतातच, "ही उपवासाला चालते का हो?" तू डोक्याला हात लावायचीस. "अब्बांच्या गोळ्या मी रमजानमध्ये पहाटेच्या सहरीला आणि संध्याकाळच्या इफ्तारीला बसवून दिल्या, संपलं. तुमचा सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष! तुम्ही लोक जेवता कधी?" आणि म्हणायचीस, "जीन उपवास करत नाही, नले. म्हणून मला तो आवडतो."

आईचं रक्त तू त्याच सुमारास घेतलंस. मी दुकानात होते, मागच्या खोलीत तुम्ही दोघी. दार लोटून तासभर बसलात. मध्ये तुमचं हसणं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही. तू बाहेर आलीस तेव्हा मी हात पुढे केला, फॉर्म तपासायला. गोळ्यांचा रकाना माझा असायचा ना. तू फॉर्म पिशवीत सरकवलास. "आईच्या गोळ्या तुला तोंडपाठ, मलाही तोंडपाठ. तपासायचं काय त्यात?" मी म्हटलं, बरोबर आहे. चहा टाकला.

आई गेल्यावर मी तुझ्या मागेच लागले. तिचा नमुना पुण्याला नावाऐवजी ज्या नंबराने गेला त्यापुढे काय आलं ते बघ, एवढं एकदा बघ. तू ऐकेनास. नंबर उघडायचा नसतो, तसं लोकांना लिहून दिलंय, पहिलं कारण हे. दुसरं तू सांगितलंस ते मला जास्त लागलं. "त्यात तुझं उत्तर नाही. हा अभ्यास हजारांचं सांगेल, एकीचं नाही सांगणार." मी म्हटलं, "मग माझ्या काय कामाचा?" फार लागेल असं बोलले. तू चहा न पिता गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा डोकं आपटत आत आलीस.

मधे एकदा दुखण्यावरची एक गाजलेली गोळी जगभर परत मागवली गेली, झटक्यांच्याच भीतीने. ती आईला मी कधी दिली नव्हती. तरी पेपर वाचल्यावर मी तुला फोन केला. त्या दिवशी तू दवाखाना बंद ठेवून आलीस, जमिनीवर मांडी घालून बसलीस आणि माझ्याबरोबर त्या गोळ्यांचं एकेक पाकीट शोधून खोक्यात भरलंस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले, ते आता मानते.

पुण्याहून शेवटी पत्र आलं, की आपल्याकडची माणसं उत्तर निघायला कमी पडतात, इतर शहरांच्या नमुन्यांत ती मिसळतील, मग बघू. तोवर तुझ्या पोटातली गाठ सापडली होती. पत्र मीच तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "मिसळू दे. चांगलंय." आणि मला पुन्हा राहवलं नाही. इतकी आजारी तू, आणि मी उशाशी बसून तेच विचारलं, "रेहाना, तुला आतून काय वाटतं? माझ्या गोळीने झालं का?" तू माझा हात धरलास, किती वेळ धरून ठेवलास, आणि म्हणालीस, "माहीत नाही, नले. खरंच माहीत नाही." मला तेव्हा वाटलं, औषधांची गुंगी असेल, डोळ्यांत पाणी आहे ते त्याचंच.

चाळिसाव्याचं जेवण झाल्यावर सलीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "नलूताई, दवाखान्याची खोली रिकामी करायची आहे. उसने बोला था, हिरवं कपाट आपके सिवा कोई नहीं खोलेगा." काल गेले. कपाटात ती वही होती, कोणत्या नंबराचा माणूस कोण ते लिहिलेली. काम संपलं की फाडायची, हे आपलं ठरलेलं होतं. मी फाडायला बसले. प्रत्येक पान फाडण्याआधी वाचत होते हे कबूल करते. मी आईचं नाव शोधत होते. नामपूरचे आजोबा सापडले. पंचवटीतल्या माझ्याच कितीतरी बाया सापडल्या. आई कुठेच नव्हती. शेवटच्या पानापर्यंत नव्हती.

वहीखाली पाकीट होतं. वर तुझ्या अक्षरात, 'नलूला.' आत आईचा फॉर्म. दुसरं काही नाही, दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही.

तू आई बोलली तसंच्या तसं लिहून घेतलंस. थांबत थांबत बोललेली तिची वाक्यं मी डोळ्यांनी ऐकली असं म्हणायला हवं. झटक्याआधी प्रेशरची गोळी रोज घेत होता का? त्यापुढे: "एरवी रोज. चातुर्मासात नाही. चातुर्मासात माझं एकभुक्त असायचं, संध्याकाळी एकदाच जेवायची. प्रेशरची गोळी सकाळची असायची. आणि नलू सांगायची, रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही. गुडघ्याची तेवढी संध्याकाळी जेवून घ्यायची, तिच्याशिवाय उठवत नसे. उरलेल्या कुंडीत पुरायची, नाहीतर नलू रागावली असती."

हो, मी सांगायची. दिवसातून पन्नास गिऱ्हाइकांना सांगायची तसंच तिलाही सांगायची. आठवड्याचा डबा भरून देताना, एका खणात दोन्ही गोळ्या टाकताना सांगायची, "आई, रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत हं." मला गुडघ्यांची म्हणायची होती. तिने दोन्हींचं ऐकलं. डॉक्टरांचं ऐकलं की ती सकाळची, माझं ऐकलं की जेवल्यावरची, आणि देवाचं ऐकलं की सकाळी जेवायचं नाही. तिघांचंही मोडलं नाही तिने. आषाढ ते कार्तिक, दर आठवड्याला डबा रिकामा दिसायचा आणि मी समाधानाने पुन्हा भरायची. झटका आला तेव्हाही चातुर्मास संपायचा होता.

रेहाना, मी काल त्या खोलीत ओरडून रडले. सलीमभाई पाणी घेऊन धावत आले.

तू फॉर्म पाठवला नाहीस. सटाण्यापर्यंत मला व्याख्यान देणारी तू. एकही काढायचा नाही म्हणालीस, आणि एक काढलास. पाठवला असतास तर रकाना तपासायला तो माझ्या हातात आला असता. म्हणून आईला तू अख्ख्या अभ्यासातून उचलून कपाटात ठेवलंस. मी नंबर उघड म्हणून भांडत होते तेव्हा उघडायला नंबरच नव्हता, आणि तू माझे टोमणे खात राहिलीस. मी गोळीवर संशय घेतला तर तू घेऊ दिलास, कारण त्याच्यामागे दुसरं उभं होतं, माझं ते अर्धवट सांगणं.

काल दिवसभर मला वाटत होतं, तू फार मोठं केलंस माझ्यासाठी. तुझ्या कामात तुझ्यासाठी याहून पवित्र काही नव्हतं आणि तेच तू मोडलंस. आज सकाळपासून वाटतंय, तू भित्री होतीस. सांगायचं होतं तर समोर बसून सांगायचं. आणि सांगायचं नव्हतं तर जाळून टाकायचं. पाकिटावर माझं नाव घालून तू मरून गेलीस, हे कुठलं वागणं?

आणि प्रश्न तसाच आहे. मी दिलेल्या गोळीने झालं, की मी अर्धवट सांगितल्याने न घेतलेल्या गोळीने, की कशानेच नाही, व्हायचंच होतं म्हणून झालं? तू म्हणालीस ते अजूनही खरंच आहे. माहीत नाही. फक्त आधी हे दोघींना माहीत नव्हतं, आता मला एकटीलाच माहीत नाही.

आज काउंटरवर एक बाई गुडघ्यांची आणि प्रेशरची अशा दोन्ही गोळ्या घ्यायला आल्या. मी त्यांना म्हटलं, "ही जेवून घ्यायची. ही दुसरी उपवास असला तरी घ्यायची, पाण्याबरोबर, उपवास मोडत नाही, आणि सकाळी राहिली तर डॉक्टरांना विचारायचं, टाकून द्यायची नाही." त्या म्हणाल्या, "बरं." मी म्हटलं, "मी काय सांगितलं ते परत सांगा." त्यांनी सांगितलं. मागचे दोघे वैतागले. पुढच्यालाही मी तसंच थांबवलं, त्याला तर खोकल्याचं औषध हवं होतं.

दुपारी चहा केला, एकीचाच. राग काही केल्या जाईना. तू असतीस तर मी महिनाभर तुझ्याशी बोलले नसते. तू रोज येऊन बसली असतीस, मी तोंड फिरवून हिशेब करत राहिले असते, तू आपली चिवटपणे पेपर वाचत राहिली असतीस, आणि कधीतरी मीच फुटले असते आणि मग आपण दोघींनी मिळून आईसाठी रडून घेतलं असतं. ते रडणं माझं राहिलंय, आणि ते तुझ्यावर चिडल्याशिवाय यायचं नाही.

आता मी रुसू तरी कोणावर, रेहाना?